चोरदरवाज्याचा पहारेकरी

फार जुन्या काळी, एका उंच गडावर हैबती नावाचा शिपाई होता. चोरदरवाज्याचा पहारा त्याच्याकडे. नजर घारीची आणि माणूस शब्दाचा पक्का.

गडाखालच्या गावातल्या शिदू कोष्ट्यावर त्याचा जीव होता. इतर शिपायांचा आपापल्या बायकांवर असतो, तसाच. पण राज्याचा नियम कडक होता: पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाने फौजेत राहायचं नाही. म्हणून हैबती गप्प राही. सोबती घरच्या गोष्टी काढत, तेव्हा तो उठून तटावर जाई.

एकदा गडावर मिठाचा व्यापारी आला. तो शत्रूचा हेर होता. हैबतीला एकटं गाठून तो म्हणाला, "तुझं नि त्या कोष्ट्याचं मला ठाऊक आहे. उद्या दुपारी दरवाज्याचा अडसर काढून ठेव. नाहीतर गडभर बोभाटा करीन."

हैबतीने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. बोभाटा झाला तर तलवार जाणार, सोबती तोंड फिरवणार. पण अडसर काढला, तर गडच जाणार.

तो तडक सदरेवर गेला. किल्लेदार आणि सारे शिपाई तिथे बसले होते.

"धनी, मीठवाला हेर आहे, धरा त्याला," हैबती म्हणाला. "आणि त्याने मला कशाची भीती घातली, तेही ऐका. शिदू कोष्टी माझा जोडीदार आहे. आता काय शिक्षा करायची ती करा."

हवालदार म्हणाला, "नियमाप्रमाणे याची तलवार उतरवा."

"आज याची उतरवली," किल्लेदार म्हणाले, "तर उद्या असाच कचाट्यात सापडलेला दुसरा शिपाई इथे येऊन बोलेल का? तो गुपचूप अडसर काढील. हवालदार, हेराच्या हाती हत्यार दिलं कुणी? आपल्याच नियमाने. जा हैबती, पहाऱ्यावर जा."

तेवढ्यात मागून पिकल्या मिशांचा, तोफेवरचा एक गोलंदाज उठला. "धनी, मीही हैबतीसारखाच. सगळा जन्म गेला, आज बोलतोय."

"या बाबा, पुढे येऊन बसा," किल्लेदार म्हणाले.

हेर पकडला गेला. दुसऱ्या दिवशी शत्रू आला, तो दरवाजा बंद आणि वरून धोंडे कोसळताहेत. हैबती आणि हवालदार एकाच धोंड्याला खांदा लावून ढकलत होते. शत्रू आल्या वाटेने पळाला.

राजाने सारी हकिकत ऐकली आणि तो नियम मोडीत काढला. पुढच्या दसऱ्याला शिपायांच्या घरची माणसं गडावर आली. त्यांत शिदूही होता. हवालदाराच्या बायकोने त्याला हाक मारून पंगतीत आपल्या माणसांत बसवलं.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे राज्य आपल्याच माणसाला तोंड लपवायला लावतं, ते शत्रूच्या हाती गडाची किल्ली देतं.