निंबाजी खडप्यांनी पुरा केलेला दसरा

निंबाजी हैबती खडपे, वय वर्षे एकाहत्तर. पळसखोरे गावात हे नाव आजही असेच, वयासकट, घेतले जाते. कारण ज्या वर्षी त्यांच्या हातून ती गोष्ट घडली त्या वर्षी त्यांचे वय तेवढे होते, आणि त्यानंतर ते वाढल्याचे गावाने कधी मान्य केलेले नाही.

ही हकिकत फार जुनी आहे. त्या काळी पळसखोऱ्यात एक रीत कडकपणे पाळली जात असे. माणसाने मरण्यापूर्वी ज्या वस्तूला शेवटचा हात लावला असेल, ती वस्तू होती तिथून हलवायची नाही. पितृपंधरवड्यात पितर घरी येतात आणि आपल्या वस्तूवरून आपले घर ओळखतात. वस्तू जागेवर दिसली नाही, तर ते उंबऱ्यावरूनच माघारी फिरतात, असा समज होता. एका घराने आजोबांची काठी दाराआडून उचलून कोपऱ्यात ठेवली, तेव्हा आजोबा शेजारच्या घरात शिरले, आणि त्या वर्षी शेजाऱ्यांच्याच म्हशीला दुप्पट दूध आले, असे म्हणतात. त्यानंतर तसे धाडस कोणी केले नाही.

पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि घरे वस्तूंनी भरत गेली. कोणाच्या स्वयंपाकघराच्या दारात नांगर आडवा होता. त्या घरच्या बायका ताट हातात घेऊन नांगर ओलांडत. कोणाच्या घरात आढ्याला विळा टांगलेला होता. ती माणसे वाकून चालत, आणि पुढे पुढे त्या घरात मुलेच किंचित वाकलेली जन्मू लागली, असे म्हणतात. जावई कोणत्या घरचा, हे त्याच्या कपाळावरच्या टेंगळावरून कळे. जी वस्तू हलवता येत नसे ती वापरताही येत नसे. म्हणून तशीच वस्तू बाजारातून पुन्हा आणावी लागे, आणि मग तिलाही जागा लागे. धान्याच्या कणग्या खिडक्यांपुढे उभ्या असल्याने पुष्कळ घरांत भर दुपारी दिवा जळत असे.

या रीतीचे सर्वांत कठोर रखवालदार निंबाजीच होते. मांजराने एखादे भांडे पाडले, तर ते मूळचे कोठे होते याचा निवाडा करण्यासाठी त्यांनाच बोलावीत. ते जमिनीवर ओणवे होत, धुळीतला डाग पाहत आणि बोट ठेवीत. त्यांचा शब्द अखेरचा असे.

त्यांचे स्वतःचे घर मात्र गावात सर्वांत अवघड होते. नवरात्रापूर्वी, पितरांच्या वस्तू सोडून, घरातले सगळे सामान जागचे काढावे, घासूनपुसून, धुऊन वाळवून पुन्हा लावावे, याला दसरा काढणे म्हणतात. निंबाजींच्या पत्नी ठकूबाई दसरा काढत असतानाच गेल्या. त्या दिवशी घरातल्या एकूण एक वस्तूला त्यांचा हात लागलेला होता, आणि ते सगळे सामान माजघरात येऊन पडले होते. निंबाजींनी प्रत्येक वस्तूभोवती गेरूची रेघ ओढली, आणि माजघर तसेच राहिले. हंडे, कळशा, पाट, पेट्या, गोधड्या, सूप, उखळ, कणगी. त्या ढिगातून एकच वाट होती, आणि तीही खेकड्यासारखे आडवे होऊन चालण्याची.

तरीही एक शल्य होते. अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या स्त्रियांच्या तिथीला, निंबाजी दरवर्षी पान वाढून परसात ठेवीत. कावळा येई, घरावरून एक फेरी मारी आणि पानाला चोच न लावता निघून जाई. आपल्या हातून एखादी वस्तू तसूभर सरकली असावी, असे समजून निंबाजी रेघा पुन्हा गडद करीत.

अशा घरात मल्हारीची, म्हणजे त्यांच्या मुलाची, बायको राही नांदायला आली. तिने सासूला पाहिले नव्हते. तिने पाहिला तो फक्त ढीग. ती मुकाट्याने आडवी चालायला शिकली. पण दिवस भरत आले तेव्हा तिला त्या वाटेने आडवे होऊनही जाता येईना.

पितृपंधरवडा लागला होता. राही दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी, मी बाळंत कुठं व्हायचं?"

निंबाजींनी घरभर नजर फिरवली. "गोठ्यात जागा आहे."

"गोठ्यात म्हैस आहे."

"म्हैस गरीब आहे आपली."

"मी नाही गरीब," राही म्हणाली.

मल्हारी मध्ये पडला. "आबा, मी बाजारातनं नवी बाज आणतो."

"पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात येत नाही," निंबाजी म्हणाले.

"आणि आणली तरी ठेवणार कुठं? माझ्या डोक्यावर?" राहीने नवऱ्याला विचारले. मग ती सासऱ्यांकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला आई नाही, पण घाटावर भाऊ आहे. मी तिकडं जाते. नाळ तिथंच पुरली जाईल, आणि नाळ पुरली तिथलं लेकरू, हे तुम्हीच सांगता सगळ्यांना. मग मागाहून नातू मागायला येऊ नका."

मल्हारी पायांकडे पाहत म्हणाला, "आबा, मीही हिच्याबरोबर जाणार."

निंबाजी खाली बसले. एकीकडे ठकूबाई होत्या, ज्यांना घर ओळखता आले पाहिजे. दुसरीकडे ज्याने अद्याप जग पाहिले नव्हते ते मूल होते. एक वस्तू हलवली तर पत्नी कायमची जाईल आणि हलवली नाही तर वंश जाईल, असा तो हिशेब त्यांना दिसला.

राहीने आपल्या चार लुगड्यांचे गाठोडे बांधले. निघताना ती ढिगापाशी थांबली आणि कितीतरी वेळ पाहत राहिली.

"मामंजी, ही भांडी पालथी का आहेत?"

"तिने तशीच ठेवली होती."

"ठेवली नव्हती. वाळत घातली होती. भांडं ठेवायचं असतं तेव्हा कोणी पालथं घालतं का? ह्या गोधड्या पाहा, दोरीनं आवळून बांधल्यात. म्हणजे सासूबाई उचलून नेत होत्या. हे काहीच त्यांनी इथं ठेवलेलं नाही. त्या बिचाऱ्या सगळं घेऊन निघाल्या होत्या, आणि तुम्ही त्यांना इतकी वर्षं वाटेतच उभं करून ठेवलंत."

निंबाजी उठले. त्यांनी ढिगाजवळ जाऊन एका हंड्याच्या बुडावर हात ठेवला. हंडा केव्हाच वाळला होता. मग, असे म्हणतात, सबंध पळसखोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ठकू, हा तुझा हंडा. माजघरातून परसाच्या भिंतीकडं नेतो आहे. ध्यानात ठेव."

शेजारच्या आवडाबाई धावत आल्या. त्यांच्या पतीची पागोट्याची पेटी त्यांच्या उंबऱ्यातच होती आणि ती ओलांडताना त्यांचा गुडघा कायमचा दुखावला होता.

"निंबाजीभावजी, काय आरंभलंत हे? जन्मभर आम्हाला रेघा आखून दिल्यात, आणि आता स्वतःच त्या मोडताय? ठकू नवमीला येईल आणि दारातनं परत जाईल!"

"आजवर कुठं आत आली होती?" निंबाजी म्हणाले. "वहिनी, सरका. कणगी येते आहे."

कणगी खिडकीपुढून बाजूला झाली आणि माजघरात ऊन पडले. राहीने ते घर प्रथमच पाहिले. भिंतींना कोनाडे होते, हे तोवर सगळे विसरूनच गेले होते. त्यानंतर निंबाजींनी दसरा पुरा करायला घेतला. बाजारातून त्यांनी सुतळीचा तोडासुद्धा आणला नाही. जे होते त्यालाच त्यांनी नवे काम दिले. मोडक्या दाराची फळी दोन खुंट्यांवर बसली आणि तिच्यावर कळशा ओळीने चढल्या. पालथे उखळ बाळंतिणीच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला आले. ठकूबाईंचे लग्नातले हिरवे लुगडे मधल्या दाराला लावले. तेव्हापासून आतल्या खोलीला दुपारी शेवाळ्यासारखा थंड उजेड येऊ लागला. दुसऱ्या लुगड्याची झोळी झाली. पेट्या भिंतीलगत जोडल्या, त्यांच्यावर गोधड्या अंथरल्या, आणि बाजेची गरजच उरली नाही. पितळेचे मोठे तबक त्यांनी खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवून उभे केले. त्या तबकावर पडलेले ऊन परतले ते मागच्या दाराने निघून आवडाबाईंच्या माजघरात शिरले, आणि स्वतःच्या चुलीमागची भिंत कोणत्या रंगाची आहे हे आवडाबाईंना त्या दिवशी समजले, असे म्हणतात.

प्रत्येक वस्तू उचलताना ते ठकूबाईंना नवी जागा सांगत होते. राही जागा सुचवी, मल्हारी जड बाजू धरी. तिने बांधलेले गाठोडे कोठेसे पडून राहिले. पण नवमी अजून यायची होती.

नवमीला सारे गाव पाहायला आले. पूर्वी ज्या माजघरात एक माणूस आडवा होऊन चाले, त्यात सबंध गाव मांडी घालून बसले आणि तरीही मागे जागा उरली, असे म्हणतात. निंबाजींनी पान वाढून परसात ठेवले आणि हात जोडले.

कावळा आला. त्याने घरावरून फेरी मारली. लोकांनी माना खाली घातल्या. निंबाजींनी डोळे मिटले.

फेरी पुरी करून कावळा खिडकीतून आत शिरला. तो जमिनीवर उतरला आणि चालत चालत घर पाहू लागला. त्याने कळशांची ओळ पाहिली. झोळीखालून तो एकदा गेला आणि एकदा परत आला. तबकापुढे थांबून त्याने मान वाकडी केली. मग भिंतीशी उभ्या केलेल्या पाटांपाशी जाऊन तो ओरडू लागला, आणि काही केल्या थांबेना.

"काय झालं त्याला?" मल्हारी म्हणाला.

निंबाजी उठून जवळ गेले. कडेचा एक पाट किंचित कललेला होता. त्यांनी तो सरळ केला. कावळा लगेच गप्प झाला, परसात गेला, आणि पानातली खीर, वडा, भात सगळे पोटभर जेवला.

आवडाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि त्या म्हणाल्या, "ठकूच ती. सुनेच्या घरात पाऊल ठेवलं नाही तोच खोड काढली."

राहीला त्याच माजघरात मुलगी झाली. नाळ पळसखोऱ्यातच पुरली गेली.

आवडाबाईंनी दुसऱ्याच दिवशी निंबाजींना आपल्या घरी नेले, आणि त्यानंतर गावाने त्यांना बसू दिले नाही. ते ज्या घरी जात तिथे वस्तूपाशी उभे राहून एकच प्रश्न विचारीत: "ठेवली होती, की नेत होते?" घरातली माणसे आठवू लागत, आणि जवळजवळ प्रत्येक घरात हेच निघे की मेलेला माणूस काहीतरी नेण्याच्याच बेतात होता. मग निंबाजी ती वस्तू तिच्या मुक्कामी पोहोचवीत. त्यांनी हात लावलेली घरे आतून एक खण वाढली, पण बाहेरून मोजली तर तेवढीच भरत, असे म्हणतात. वाकून चालणारे घराणे एका पिढीत ताठ झाले.

ते गेले तेही कामावरच. कोणाच्या तरी ओसरीवर ते चौरंग उचलून चालले होते आणि मध्येच खाली बसले. लोकांनी त्यांच्या हातातून चौरंग घेतला. तो तिथेच ठेवावा, असे कोणाच्याही मनात आले नाही. ते ज्या भिंतीकडे निघाले होते त्या भिंतीपाशी तो नेऊन लावला, आणि मगच रडारड झाली.

पळसखोऱ्यात आजही अविधवा नवमीच्या आदल्या दिवशी घरोघर सामान हलवतात. त्या दिवशी बाजारातून काही आणत नाहीत. ज्याची वस्तू असेल त्याचे नाव मोठ्याने घेऊन ती कोठून कोठे चालली हे त्याला सांगतात, आणि आरंभी "निंबाजी हैबती खडपे, वय वर्षे एकाहत्तर" असे म्हणतात. त्या वर्षापासून पळसखोऱ्याच्या सुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी जात नाहीत. माहेरची माणसेच इकडे येऊन राहतात.