होडीतली पाहणी

खाडीकाठच्या एका गावातून बाजाराची होडी सकाळी सहाला सुटे. नेमकं तेव्हाच नळाला पाणी येई. पाणी भरून भाजीवाल्या धक्क्यावर पोचत, तोवर होडी गेलेली. दहाच्या होडीपर्यंत भाजी सुकून जाई. वेळ बदला, म्हणून त्या पंचायतीच्या मागे लागल्या.

"पुराव्याशिवाय ठराव नाही," सरपंच धोंडूशेठ म्हणाले. वही घेऊन ते स्वतः सहाच्या होडीत बसले आणि एकेकाला विचारत गेले.

ग्रामसभेत त्यांनी ऐटीत सांगितलं, "चाळीसच्या चाळीस जणांना सहाची वेळ सोयीची आहे."

भाजीवाली नागूबाई उठली. "शेठ, सवाल बरोबर आहे. उद्या फक्त होडी सुटल्यावर धक्क्यावर उभं राहून विचारा."

शेठना नवल वाटलं. "होडी गेल्यावर तिथं कोण असतं?"

"तुमच्या वहीत नाहीत ते सगळे."