रायाजीनं फेकलेला काळा दगड

एका राज्यात एक डोंगर होता आणि त्याच्या पोटात पांढऱ्या गारेची, म्हणजे गारगोटीच्या दगडाची, शीर होती. गारेत सोनं! राजा कनकध्वजाच्या मुकुटापासून गरिबाच्या डोरल्यापर्यंत सगळं तिथलंच. खोदलेली गार वर आली की रायाजी निवडायला बसे. हे ठेवा, ते फेका. गारेला चिकटलेला काळा, मऊ दगड दिसला की थुंकून भिरकावून देई. निवडणाऱ्याच्या शब्दापुढे राजानंही बोलायचं नाही, अशी तिथली रीत. काय म्हणावं अशा रीतीला!

एके सकाळी शीर सुरीनं कापावी तशी संपली. पुढे नुसता खडक. रायाजी बघायला खाली उतरला, तर खडकातून डोंगराचा मांत्रिक उभा राहिला.

"माझ्या लेकरावर थुंकलास. दगड होशील! तीन उत्तरं मिळाली तर सुटशील. सोनं आलं कुठून? शीर गेली कुठे? तू फेकलंस ते काय? मुदत तिसऱ्या दिवशी मावळतीपर्यंत."

रायाजीचे पाय तिथंच दगडाचे झाले. त्याची बायको भिवरा धावत आली, रडली, त्याच्याकडून तिन्ही प्रश्न ऐकले, मग पदर खोचून म्हणाली, "मी आणते उत्तरं." बाई मुळातच चौकस.

पहिल्या दिवशी ती ऊन पाण्याच्या झऱ्यापाशी गेली. उंबरावर धनेश पक्षी बसला होता.

"पक्षीराजा, सोनं आलं कुठून?"

"पाण्याला विचार."

"पाणी कुठं बोलतं?"

"मग काठ बघ."

काठावर पांढरा थर धरला होता, पाणी तापवायच्या हंड्यात धरतो तसा. खरवडला तर आत पिवळी चमक! खोलातलं कढत पाणी भेगांतून वर येतं, निवतं आणि गार नि सोनं मागे ठेवून जातं, हे तिला उमगलं.

दुसऱ्या दिवशी ती कड्यासमोर बसली. कड्यावर तांबडा, राखी, तांबडा असे पट्टे. मध्येच एक उभी भेग आणि पलीकडे तेच पट्टे वीस हात खाली. अगं बाई! डोंगरच घसरलाय की! मग शीरही खालीच गेली असणार.

तिसऱ्या दिवशी तिनं फेकलेल्या ढिगातला काळा दगड लोहाराच्या भट्टीत घातला. दुपारभर भाता ओढला, तेव्हा दगडातून एक पांढराशुभ्र थेंब गळला. निवताच तो मुठीत घेऊन ती धावत सुटली.

रायाजी गळ्यापर्यंत दगड झाला होता. दोन उत्तरं ऐकून मांत्रिकानं मान डोलावली. "तिसरं ज्यानं फेकलं त्यानंच द्यायचं."

"अहो, चांदी आहे ती!"

"छे! वीस वर्षं निवडतोय मी. मला कळलं नसतं?"

दगड हनुवटीला लागला. भिवराचा संताप झाला. "चुलीत घाला तुमची वीस वर्षं! मला तुम्ही हवे आहात!" तिनं तो थेंब त्याच्या डोळ्यांपुढे धरला. रायाजी बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"चांदी आहे," तो म्हणाला. "मला ओळखता आली नाही."

तडतड करून दगड गळून पडला. शाप सरला. वीस हात खाली शीर सापडली आणि फेकलेला काळा ढीग राजानं स्वतः उचलायला घेतला. रायाजी अजून निवडायलाच बसतो, पण आता अनोळखी दगड हाती आला की हाक मारतो, "भिवरे, हे काय असेल गं?"

आणि ती हातातलं काम टाकून येते. "बघू या की."