गरम घावण्यांचा मान

जोडून सुट्ट्या आल्या की सगळे दळवी दापोलीला बापूकाकांकडे जमत. पुरुष आधी गरम घावणे खात आणि ते घालणाऱ्या कुसुमआत्याला शेवटी गार उरलेले मिळत.

यंदा पुतणी केतकीने विचारलंच, "काका, बायका मागून का?"

"बायका-पुरुष असं काही नाही," काका गुरकावले. "या घरात मोठ्यांनी आधी जेवायचं. कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं!"

"पटलं." काका बसणार तोच केतकीने आत्याला त्यांच्या पाटावर बसवलं. "आत्या तुमची थोरली बहीण. तिचं होऊ दे."

"मग घावणे कोण घालणार?"

"तिच्याहून लहान कोणीही. तुम्ही आहात की!"

काकांनी उलथनं हातात घेतलं. आत्या पहिला घास घेत म्हणाली, "बापू, दुसरा जरा जाळीदार येऊ दे हं."