बांधाईची पाठ बसवणारा पोशाबाबा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. माझे आजोबा एक आकडा सांगायचे, त्यांचा भाऊ दुसरा सांगायचा, आणि त्यावरून दोघे महिनाभर बोलत नव्हते. पण तेव्हा आपल्या भोवरखार गावात मिठागरं होती एवढं नक्की, आणि पोशाबाबा होता हेही नक्की. बाकी सगळा घोळच आहे, तरी सांगतो.

पोशाबाबा हाडं बसवायचा. लचकलेली कंबर, निखळलेला खांदा, काहीही असो, अंगठा टेकवला की त्याला कळायचं. माणूस ओरडत यायचा आणि हसत परत जायचा, असं म्हणतात.

पण आपल्याच गावापुढे त्याचं डोकं चालेना. आज बसवलेली पाठ आठ दिवसांत पुन्हा धरायची. तिशी ओलांडलेला एकही माणूस सरळ उभा राहत नव्हता, आणि सगळे डावीकडेच कललेले. लोक म्हणायचे, बांधाईचा कोप आहे. बांधाई म्हणजे आपली खाडीच्या बांधावरची देवी. मिठाच्या भरल्या कावडी घेऊन सगळे त्याच बांधावरून होड्यांच्या धक्क्याकडे जायचे, तेव्हा आई उजव्या हाताला यायची. तिच्या बाजूला ओझं नको, म्हणून कावड कायम डाव्या खांद्यावर. बाप तसाच गेला, आजाही तसाच गेला, मग दुसरा खांदा सुचणार कुणाला?

पोशाबाबाला एकच लेक, चांगुणा. आई लहानपणीच गेलेली. बावीस वर्षांची पोर, कावड घेऊन निघाली की भले भले मागे पडायचे. एका सकाळी तिनं कावड खाली ठेवली आणि तिला सरळच होता येईना. बापानं पाठ बसवली. आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आता नको हात लावू. मी अशीच वाकडी राहणार, मला कळतंय." एवढा मोठा हाडवैद्य, पण त्या दिवशी अंगणात बसून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो बांधावर जाऊन बसला. माणसं कावडी घेऊन गेली, मागे चिखलात पावलं उरली. बघतो तर प्रत्येक डावं पाऊल घोट्याएवढं रुतलेलं आणि उजवं नुसतं उमटलेलं. अरे देवा! दुपारपर्यंत तो ती पावलंच बघत बसला होता, असं म्हणतात.

मग त्यानं गाव गोळा केलं. म्हणाला, "अर्ध्या वाटेत कावड खाली ठेवा. दोन्ही हात वर करा, पाठ ताणा, दहा श्वास घ्या. मग कावड दुसऱ्या खांद्यावर घ्या."

कुणीतरी विचारलं, "बरं, आणि औषध?"

"हेच औषध."

"ज्याचं दुखत नाही त्यानं पण करायचं?"

"त्यानं आधी करायचं!"

आता सांगा, दुखत नसताना औषध कोण घेतं? कुणाला वाटलं बाबा लेकीच्या दुःखानं भ्रमिष्ट झाला, कुणाला वाटलं हा नवसच असणार. देवीचा धर्मा भगत तर खवळलाच. "आईच्या बाजूला ओझं? बांध फुटेल, गाव बुडेल!"

पोशाबाबा उठला आणि तडक देवीपुढे गेला. सगळं गाव मागे. भर दुपारची वेळ. आईची शिळाही तेव्हा गावासारखीच एका अंगाला कललेली होती. बाबानं तिला नमस्कार केला, कमरेला गुडघा लावला आणि दोन्ही हातांनी कवळलं.

"पोशा, सोड! हात झडतील तुझे!" भगत ओरडला.

"झडू देत. माझ्या पोरीची पाठ आहे ही."

आणि कट्‌कन आवाज झाला. पलीकडच्या तीरावरचे बगळे उडाले, असं म्हणतात. शिळा सरळ उभी! आईनं मोठ्ठा श्वास सोडला, तो आपण ऐकला, असं सांगणारी माणसं माझ्या आजोबांनी पाहिली होती. कुणी म्हणतं आईच आपणहून सरळ झाली, कुणी म्हणतं खालचा चिखल मऊ होता. मला विचाराल तर मला अजूनही काही कळलेलं नाही. पण बाबाचे हात झडले नाहीत आणि बांधही फुटला नाही. भगतानं शिळेभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "आईनंच पाठ सरळ केली, म्हणजे आईला चालतंय."

चांगुणा काही त्या दिवशी बरी झाली नाही, बरं का. आधी रिकाम्या हातांनी वीस पावलं, मग चाळीस, रोज हात वर, रोज दहा श्वास. कधी कधी कंटाळून रडायची. पुढच्या हंगामाला मात्र ती कावड घेऊन बांधावर आली, ताठ.

पुढे बाबा म्हातारा होऊन वारला. मुलगा नाही, तेव्हा तिरडीला पुढचा खांदा कुणाचा? चांगुणा पुढे झाली. बाईमाणसानं खांदा द्यायचा का, यावर गाव पार गोंधळलं, पण तिला अडवायला कुणाची जीभ रेटेना. बांधाईसमोर आल्यावर ती म्हणाली, "थांबा." तिरडी खाली ठेवली. तिनं हात वर केले, पाठ ताणली, रडत रडत दहा श्वास घेतले. बाकीच्यांनीही घेतले. मग खांदा बदलून तिनं बापाला स्मशानापर्यंत नेलं, आणि ती कुठेही वाकली नाही.

आता मिठागरं राहिली नाहीत, बांधावर डांबरी रस्ता आहे. पण भोवरखारात कुणीही वारलं तरी बांधाईसमोर तिरडी थांबते. खांदेकरी हात वर करतात, दहा श्वास घेतात, खांदा बदलतात. परगावचे पाहुणे गडबडून विचारतात, ही पूजा की व्यायाम? आमच्यात अर्धे पूजा म्हणतात, अर्धे व्यायाम, आणि भांडण तिथेच सुरू होतं. पुढचा खांदा मात्र लेकीचा. त्यावर आमच्या गावात पुन्हा कधी वाद झालेला नाही.