नव्वद मीटरचा फेटा

साखर कारखान्याचे चेअरमन बाजीअण्णा यांना प्रत्येक गोष्ट शेजारच्या कारखान्यापेक्षा मोठी लागे, मग ती धुराची चिमणी असो की स्वतःचा फोटो. गळीत हंगाम संपला, मोटरी थांबल्या आणि रिकामा चालणारा उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर पॉवर फॅक्टर बिघडवून वीजबिलात दंड वाढवू लागला. इंजिनिअर कुंदा खैरमोडे हिने हिशेब करून, तो सुधारायला ट्रान्सफॉर्मरला पन्नास केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर बसवावा, असा कागद अण्णांपुढे सहीला ठेवला.

"शेजाऱ्यांनी तीनशेचा लावलाय. आपला नऊशेचा पाहिजे," अण्णा म्हणाले. "आज माझा सत्कार संपेपर्यंत कागद बदल, नाहीतर उद्यापासून वजनकाट्यावर बस."

"गरजेपेक्षा मोठा बसवला तर व्होल्टेज चढेल, अण्णा. यंत्रं जळतील."

"चढू दे की. आपण कशात खाली राहायचं?"

कुंदा वाद घालत बसली नाही. सत्कारात फेटा बांधायचा मान तेवढा तिने मागून घेतला. एरवी फेटा नऊ मीटरचा. तिने नव्वद मीटरचा तागा आणला. आधी अण्णांचे कान गेले, मग डोळे, मग मिशा. सभागृह टाळ्या वाजवत राहिलं, कारण अण्णांसमोर टाळ्या थांबवायची कुणाची छाती नव्हती.

"अगं, पुरे," आतून दबका आवाज आला.

"शेजारच्या चेअरमनांचा तीस मीटरचा होता, अण्णा."

"फेटा ज्याच्या त्याच्या डोक्याच्या मापानं बांधतात, बाई."

"कपॅसिटरही ज्याच्या त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या मापानं बसवतात."

 मग अण्णांनी चाचपडत हात पुढे केला.

"तो पन्नासचाच कागद आण. आणि सही कुठे करायची, ते बोट धरून दाखव."