धनेशाची ढोली

एक होता राजा. त्याची राणी तळ्याकाठच्या रानात फिरायला जायची. एकदा काय झालं, तिथून येताना ती तापानं फणफणली, आणि गेली ती गेलीच. राजानं रानावरच राग धरला. डोळ्यांतून टिपूस नाही, नुसता संताप. "उद्या सकाळी कुऱ्हाडी घाला," म्हणाला.

त्याची लेक मैनावती. तिला वाटलं, आईचं रान एकदा डोळे भरून बघावं. मग ती पहाटेच निघाली. अनवाणी, बरं का.

तळ्यावर सायीसारखं धुकं होतं. काठावर पाणमांजरं मासे खात बसली होती. मैनावती ओंजळभर पाणी प्यायली, आणि काय नवल! तिला त्यांची बोली कळू लागली.

"राणीची लेक गं ही. चालते अगदी आईसारखी!"

मैनावती हसली नि पुढं चालू लागली.

मग वाटेत लागली वीरगळ. म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. त्यातल्या घोडेस्वारानं हळूच मान वळवली.

"तुझ्या पणज्यानं हे तळं खणलं, पोरी. ते राखताना मी पडलो. आता रान कोण राखणार?"

"मी राखेन. पण बाबा ऐकायचे नाहीत."

"ऐकणार नाहीत, तर दाखव," तो म्हणाला, आणि पुन्हा दगड झाला.

तेवढ्यात कुऱ्हाडीवाले आलेच. मागून राजा. पहिलीच कुऱ्हाड उगारली ती जुनाट बेहड्याच्या झाडावर. वरून धनेश पक्षी ओरडला, "थांबा रे, माझी माणसं आत आहेत!" ते कळलं एकट्या मैनावतीला. तिनं धावत जाऊन बुंध्याला मिठी मारली.

"बाजूला हो!"

"बाबा, एकदा वर बघा ना."

राजानं वर बघितलं. लिंपलेली ढोली, तिला बारीकशी फट. धनेशानं फटीशी उंबर धरलं. आतून एक चोच आली नि उंबर घेऊन गेली.

"आत कोण आहे?"

"पिल्लू आणि त्याची आई. आईनं स्वतःला आत कोंडून घेतलंय. हा आणील तेच ती खाते."

"आणि यानं आणलंच नाही तर?"

"रोज आणतो, बाबा."

राजा मटकन मुळावर बसला आणि ढसढसा रडला. राणी गेल्यापासून पहिल्यांदाच. मैनावतीनं पदरानं त्याचे डोळे पुसले. कुऱ्हाडी माघारी गेल्या.

मग राजा म्हणाला, "तुझी आई कुठून कुठून फिरायची? चल, दाखव मला."

बापलेक हात धरून धुक्यात शिरले. रान राहिलं, पिल्लू उडालं, सगळी सुखानं नांदली. तशीच तुम्हीही नांदा हो, बाळांनो. घ्या पांघरूण, मिटा डोळे.